विनागिअर महिला मंडळ

शहर देवळाईच्या पुढे पोहोचलं होतं. फ्लॅट आले, जिम आली, केकची तीन दुकानं आली. फक्त नळ तेवढा यायचा राहिला होता. त्यात गेल्या पावसाने दगा दिला. फेब्रुवारीतच बोअर कोरडे पडले, टँकरचं पाणी धुण्याभांड्यापुरतं, आणि प्यायच्या पाण्याचे जार घरपोच देणारा इसम "उद्या नक्की" म्हणत आठवड्यातून एकदा उगवायला लागला. तेव्हा अंगणवाडी सेविका करुणा साळवे हिने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, की दारात धूळ खात पडलेली नवऱ्याची स्कुटी शिकायची आणि दीड किलोमीटरवरच्या फिल्टर प्लांटवरून पाणी आपणच आणायचं. नवरा अभय वाळूजच्या कंपनीत, कंपनीच्याच बसने जाणारा. त्याने दोन रविवार मागे धावून शिकवलं. तिसऱ्या रविवारी त्याला धाप लागली आणि तो म्हणाला, "आता तुझं तू बघ."

तिने बघितलं आणि अख्ख्या जिल्ह्याला दाखवलंही. कारण ती 'विनागिअर महिला मंडळा'त होती. हा एक व्हॉट्सॲप ग्रुप. उस्मानपुऱ्यातल्या उमाताई बँकेतून निवृत्त झाल्यावर स्कुटी शिकल्या, आणि ते कौतुक ऐकायला घरात कुणी रिकामं नव्हतं, म्हणून त्यांनी तो काढला. पस्तिशीनंतर गाडी शिकणारी जिल्ह्यातली कुठलीही बाई चालेल. गुड मॉर्निंगची फुलं चालणार नाहीत. रोज संध्याकाळी सात ते आठ प्रत्येकीने दोनच ओळी टाकायच्या. आज काय जमलं आणि आज काय फसलं. बँकेत जन्म गेलेल्या बाईचा नियम तो, त्यात सूट नाही.

बाया काय एकेक लिहायच्या! 'जमलं : क्रांती चौकात सिग्नलला थांबले. फसलं : हिरवा झाला तरी थांबूनच राहिले.' फुलंब्रीच्या वैदेहीने लिहिलं, 'जमलं : यांना मागे बसवलं. फसलं : हे मध्येच उतरून चालत आले.' एकशे सत्त्याऐंशी जणी, पण संध्याकाळी सातला सगळ्या एकाच ओट्यावर बसल्यासारख्या.

आणि त्यात करुणा म्हणजे मंडळाची लाडकी. तिची जमलंची ओळ चार-चार ओळींची असायची. आज बीड बायपास ओलांडला, आज रिव्हर्स घेतलेल्या टँकरसमोर डगमगले नाही, आज पाइपलाइनसाठी उकरलेल्या रस्त्यावरून जार न सांडता आणला. फसलंपुढे मात्र रोज ठरलेलं : 'काही नाही.' एकदा ती स्कुटीसकट नालीत गेली, तर तेही तिने जमलंमध्येच घातलं, की आज नाली जवळून पाहिली. बाया हसून लोळल्या. टाळ्यांची रांग लागली. करुणाला घरात कुणी वाईट वागवत नव्हतं, पण तिच्यासाठी टाळ्याही कधी कुणी वाजवल्या नव्हत्या. त्या रांगेची तिला चटक लागली होती, आणि चटक लागलेल्या माणसाचं जे होतं तेच तिचं होणार होतं.

आता एक गोष्ट तिने मंडळाला कधी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. पाण्याला जायला लागली त्या पहिल्या दिवसापासून तिच्या मागे सासू बसायची. सरूबाई. फिल्टरवर जायचं तर एकीने रांगेत उभं राहायचं आणि एकीने जारापाशी, नाहीतर आपला नवा जार जाऊन कुणाचा तरी चिरलेला हाती यायचा. म्हणून जाताना रिकामा जार मांडीवर घेऊन सरूबाई मागे, येताना वीस लिटरचा भरलेला जार करुणाच्या पायांत आणि सरूबाई तरीही मागेच. वर तोंडाचा पट्टा चालू.

"म्होरं खड्डा हाये! हारन वाजव! डावीकडून ट्रॅक्टर यायलाय, दिसंना का तुला?"

रस्ता बघायचं काम सरूबाईचं, मूठ पिळायचं काम करुणाचं, आणि गाडी धरून ठेवायचं काम त्या दोघींच्या वजनाचं. तिघांनी मिळून चालवलेली गाडी करुणा दोन महिने आपल्या एकटीच्या नावावर खपवत होती, आणि गंमत म्हणजे तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

मग पक्क्या लायसनच्या टेस्टचा गुरुवार उजाडला. सकाळपासून मंडळात नुसती लगीनघाई. 'निघालात का?' 'दही खाल्लंत का?' 'नंबर आला का?' दर दोन मिनिटाला मोबाइल थरथरत होता. रांगेत उभ्या उभ्या करुणाने आनंदाच्या भरात मेसेज आधीच लिहून ठेवला : 'पास झाले! आठचा आकडा एका दमात!' पुढे सहा स्कुट्या, चार फुगे आणि एक नाचणारी बाई. मग तिने मोबाइल जाळीपलीकडे उभ्या असलेल्या सरूबाईकडे दिला.

"आत्याबाई, माझं नीट पार पडलं की हा हिरवा बाण दाबा. बाकी कशाला हात लावू नका."

"तेवढं कळतंय मला," सरूबाई म्हणाली.

नंबर पुकारला गेला. करुणा गाडीवर बसली आणि तिथेच काहीतरी बिनसलं. मागे कुणी नाही, पायांत जार नाही. गाडी एकदम पोरकी वाटली. मूठ पिळली तर ती रोजच्या दुप्पट उसळली, हँडल नुसतं बघितलं तरी वळायला लागलं, आणि कानाशी कुणी काही सांगेना. आठाच्या पहिल्या गोलातच तिने डावा पाय टेकवला, दुसऱ्यात उजवा, आणि शेवटी ती चुन्याच्या रेघेबाहेर जाऊन खांबासमोर थांबली.

"बाई, नापास," साहेब शांतपणे म्हणाले. "सात दिवसांनी या. एकटीने चालवायची सवय करा."

ती मान खाली घालून जाळीपाशी आली तर सरूबाईचा चेहरा फुललेला.

"दाबला की मी बाण!"

"कधी?"

"तू गाडीवर बसली तव्हाच. म्हनलं आता काय ऱ्हायलं?"

करुणाने मोबाइल ओढून घेतला. एकोणऐंशी मेसेज. फटाके, हार, मुकुट घातलेल्या मांजरी. खुद्द उमाताई, ज्या कधी 'ठीक' याच्यापलीकडे काही लिहीत नसत, त्यांनी लिहिलं होतं : 'मंडळाचा अभिमान.' ती मेसेज काढून टाकणारच होती, अंगठा तिथे टेकलाही होता. तेवढ्यात एक आवाजी निरोप आला. अजिंठ्याच्या भामाबाईचा. भामाबाईचा तिथे चहा-भज्यांचा गाडा होता. तिला टाइप करता येत नसे, म्हणून ती रोज बोलूनच जमलं-फसलं सांगायची आणि मागे तेलाचा चुरचुर आवाज यायचा.

"करुणाताई, तुमी पास झाल्या अन् मला लई बळ आलं बगा! तीन महिने भ्यायलते मी. आजच पोरीला सांगून तारीख घेतली, पुढल्या गुरुवारची. तुमी येताल ना जाळीपाशी? अन् ताई, गाडी पन तुमचीच द्या मला टेस्टपुरती. पायगुणाची हाये तुमची गाडी."

पुढचा गुरुवार. त्याच दिवशी करुणाची दुसरी खेप. अंगठा मेसेजवरून आपोआप उचलला गेला.

घरी येईपर्यंत तिने स्वतःची समजूत घातली. खोटं मी लिहिलं नाही, ते नुसतं सुटलं. सात दिवसांत खरोखर पास व्हायचं, म्हणजे मग ते खोटं राहणारच नाही. भामाबाईच्या आधी जाऊन टेस्ट उरकून घ्यायची, कोण बघतंय? पण बायांना धीर कुठला! 'आठ कसा काढलात ते सांगा ना,' म्हणून सगळ्या मागे लागल्या. आणि टाळ्यांना सोकावलेल्या करुणाने एक व्हिडिओ बघून चक्क नऊ ओळींचं मार्गदर्शन लिहून टाकलं. खांदे सैल, नजर लांब, मूठ एकसारखी. मनातल्या मनात ती स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होती आणि बोटं लिहीत होती.

एवढं मात्र खरं, की त्या आठवड्यात तिने कसर सोडली नाही. अंगणवाडी सुटली की मागच्या मोकळ्या प्लॉटवर स्कुटी घेऊन जायची, एकटी. विटांचे तुकडे मांडून आठ आखायची. पहिल्या दिवशी तिला आपलेच हात परके वाटले. दुसऱ्या दिवशी ती दोनदा आपटली. तिसऱ्या दिवशी खड्डा समोर आला आणि तो तिला स्वतःला दिसला! कुणी सांगितलं नाही, तिने पाहिला आणि टाळला. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा तिला इतका आनंद झाला, की भर उन्हात ती गाडी उभी करून मोठ्याने हसली. सवयीने मोबाइल काढला. लिहायला गेली आणि थांबली. पास झालेल्या बाईला खड्डा दिसल्याचं कसलं अप्रूप? इतक्या महिन्यांतली तिची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती सांगायला तिला जागाच उरली नव्हती. फार एकटं वाटलं तिला.

बुधवारी संध्याकाळी सातला ग्रुप भरला. भामाबाईचा निरोप आला, नेहमीपेक्षा दुप्पट जोराचा.

"जमलं सांगते! आज गावातून तीन चकरा मारल्या, पाय टेकला नाय! मागं माझी जाऊ बसती ना रोज, भजीपिठाची पिशवी घिऊन, तिच्यामुळं गाडी कशी जाग्यावर ऱ्हाती. फसलं काय नाय, करुणाताईवानी! उंद्या पाचच्या गाडीनं निघते."

करुणा स्वयंपाकघरात होती. पोळी तव्यावर तशीच राहिली.

मागं जाऊ बसती. भामाबाई पहाटे उठून, गाडा बंद ठेवून, शंभर किलोमीटर एसटीने येणार, आयुष्यात पहिल्यांदा गाडीवर एकटी बसणार, ती थेट साहेबासमोर. तिचं काय होणार हे सगळ्या जिल्ह्यात एकट्या करुणाला माहीत होतं. नऊ ओळींच्या मार्गदर्शनात तेवढंच नव्हतं.

"पोळी जळायलीय," सरूबाई म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडे बघून तिनेच गॅस बंद केला. "काय झालं?"

करुणाने सांगितलं. सरूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"बाण म्या दाबला. म्या सांगते, म्हातारीनं दाबला म्हनून."

"बाण तुम्ही दाबला, आत्याबाई. गप्प मी बसले."

"हसतील तुला."

"हसू द्या. ती तिथं पडली तर?"

"मंग बोल लौकर," सरूबाई म्हणाली. "अजून उजेड हाये. तिला अर्धा तास घावंल."

लिहायला बसली असती तर करुणाने पुन्हा शब्द सजवले असते. तिने बटण दाबून धरलं आणि बोलायला सुरुवात केली.

"जय भीम, नमस्कार सगळ्यांना. मी करुणा साळवे, देवळाई. मी पास झालेली नाही. गेल्या गुरुवारी मी नापास झाले. तो मेसेज चुकून गेला, पण नंतर सहा दिवस मी तो तसाच राहू दिला, ती चूक नाही, ते मी केलं. आठ कसा काढायचा ते जे लिहिलं, ते व्हिडिओत बघून लिहिलं. मला आठ आलाच नव्हता. आणि का आला नाही ते ऐका, भामाबाई, तुम्ही खास करून. माझ्या मागं रोज सासू बसायची, पायात पाण्याचा जार असायचा. मी एकटी कधी चालवलीच नव्हती. एकटीनं बसलं की गाडी दुसरीच होती. भामाबाई, तुमच्या जावेला आत्ताच्या आत्ता खाली उतरवा. आज अंधार पडेपर्यंत एकट्या चालवा. मला बोला, ग्रुपमधून काढा, काही करा, पण आधी तेवढं करा. उद्या माझीपण टेस्ट आहे. गाडी घेऊन मी तिथंच आहे."

तिने बोट उचललं. निरोप गेला. बरोबरच्या खुणा निळ्या झाल्या. चाळीस जणींनी ऐकलं, साठ जणींनी ऐकलं, आणि एकही अक्षर कुणी लिहिलं नाही. संध्याकाळी सात ते आठ मंडळ गप्प, असं कधी झालं नव्हतं. करुणा ओट्याला धरून उभी होती. रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

पहिला मेसेज उमाताईंचा आला. 'उद्या किती वाजता?'

तेवढंच. त्याच्या खाली लगेच भामाबाईचा आवाज, तेलाचा चुरचुर आवाज नाही, नुसता वारा आणि धापा.

"उतरिवलं तिला! रुसली, पर उतरिवलं! आता बसते एकटी, ऐका तुमी!" मग गाडीचा आवाज, मग कुणीतरी "आगं आगं" ओरडलं, मग धप्प. दहा सेकंदांनी दुसरा निरोप. "पडले! पर एकटी पडले! लागलं नाय. पुन्ना बसते!"

आणि मग धरण फुटलं. बाया एकदम बोलायला लागल्या. मारा चकरा, भामाबाई! मूठ हळू! एकीने लिहिलं, मीही दोनदा नापास आहे, सांगितलं नव्हतं. करुणाला बोलणारीही एक निघालीच. 'मार्गदर्शन वाचून मी तीन दिवस खांदे सैल ठेवून फिरले, मान अवघडली.' करुणाने तिची माफी मागितली. पावणेआठला भामाबाईचा शेवटचा निरोप आला. सात चकरा झाल्या होत्या, शेवटच्या दोन पाय न टेकता. घरादाराला ऐकू जाईल इतक्या जोरात करुणा ओरडली, आणि शेजारच्या फ्लॅटमधला माणूस क्रिकेट लागलंय का म्हणून विचारायला आला.

गुरुवारी सकाळी आरटीओच्या जाळीपाशी अकरा बाया उभ्या होत्या. रोज एकमेकींचं दुःख-सुख वाचणाऱ्या आणि एकमेकींना तोंडाने न ओळखणाऱ्या. भामाबाई कोण, हे चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं गेलं. उमाताई म्हणजे केवढी तरी दांडगी बाई असेल असं करुणाला वाटायचं. निघाल्या एवढ्याशा, हेल्मेटमध्ये बुडालेल्या. त्यांनी करुणाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा."

आधी करुणाचा नंबर. या वेळी गाडी ओळखीची होती. पहिला गोल सुरेख झाला. मधली फुली ओलांडली. दुसरा गोल अर्ध्यावर आला, आणि जाळीवरून अकरा बाया एकदम किंचाळल्या, "करुणाताईऽ!" आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या टाळ्या कानांनी ऐकल्या. तिने बघितलं. नुसतं बघितलं नाही, त्या बयेने हँडल सोडून हात केला. गाडी कलंडली आणि पाय टेकला.

"बाई, नापास," साहेब म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं. "नापास झालात. हसताय काय?"

"साहेब, चुकलं काय ते मला कळलंय," करुणा हसत म्हणाली. "पुढच्या गुरुवारी येते."

ती धावत जाळीपाशी आली, सगळ्यांचे चेहरे पडलेले. तिने मोबाइल घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या बोलली, "नापास. दुसऱ्यांदा. टेस्ट देताना हात केला म्हणून. आता भामाबाई बसतायत, कुणी ओरडायचं नाही!"

भामाबाई नऊवारीचा काचा मारून, करुणाच्या गाडीवर बसली. जाळीवरच्या अकरा जणींनी दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरली. सरूबाईने तर पदराचा बोळाच तोंडात घातला. पहिला गोल डुगडुगत. फुली. दुसरा गोल, हळू, हळू, पाय हवेत, पाय हवेतच. रेघ संपली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली.

मग जो गलका झाला, त्याने झाडावरचे कावळे उडाले. करुणा सगळ्यांच्या पुढे पळत सुटली, भामाबाईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या आणि हसल्या. स्वतः पास झाली असती तर तिला इतका आनंद झाला असता का कोण जाणे. मला तरी वाटत नाही.

दुपारी निघताना साहेबांनी हटकलं. "गाडी कोण नेणार? लर्निंगवर एकटं जायचं नाही. मागे लायसनवालं माणूस पाहिजे."

सरूबाई नेहमीप्रमाणे पदर खोचून पुढे सरकली होती. भामाबाईने तिला खांद्याने हळूच बाजूला केलं, पासचा कागद साहेबांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "मी हाये की! आत्ता तर झाले!"

साहेबांना हसू आवरेना. कार्ड अजून छापलंही नसेल, म्हणाले, पण जा. सरूबाई फुरंगटून उमाताईंच्या मागे बसली. फाटकापाशी एक गप्प गप्प बाई करुणाजवळ आली. ग्रुपमध्ये तिने आजवर एक ओळही टाकलेली नव्हती. म्हणाली, "मी नुसती वाचायचे. सगळ्यांचं जमतंय, आपलं काय सांगायचं म्हणून. काल तुमचं ऐकलं आणि आले. पुढच्या गुरुवारी तुमच्या मागे माझा नंबर लावते." करुणाने त्या बाईचा हात घट्ट धरला आणि नाव विचारलं.

मग ती गाडीवर बसली, भामाबाई मागे, आणि मागोमाग सात स्कुट्या.

"चल बिगी बिगी," भामाबाई म्हणाली. अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. "दोनची बस हाये माझी. चुकली तर तुलाच सोडावं लागंल अजिंठ्याला."

"सोडते की," करुणा म्हणाली आणि तिने मूठ पिळली. ती थट्टा करत नव्हती.